उंदरांच्या पोटातील कृमी : परिसर अभ्यासाचा एक पाठ

कारंजा लाड हे कापसाच्या व धान्याच्या व्यापाराचे जुने ठिकाण होय. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये येथे स्थापन झालेली नियंत्रित कापूस बाजारपेठ देशातील या प्रकारची पहिली मानली जाते. जेथे सरकी, धान्य आणि वखारी, तेथे उंदीर ओघानेच आले. काळा उंदीर आढ्यावर व माळ्यावर राहतो; घूस जमीन पोखरून गटाराच्या आश्रयाने वाढते. उंदीर पोते कुरतडतो हे प्रत्येक मुलास ठाऊक असते. त्याच्या पोटात कोण वस्तीस आहे, हे मात्र बहुधा ठाऊक नसते. पाठाचा आरंभ या प्रश्नाने करावा.

उंदराच्या आतड्यात राहणाऱ्या एका पट्टकृमीस शास्त्रात हायमेनोलेपिस डिमिन्यूटा म्हणतात. त्याची लांबी २० ते ६० सेंटिमीटर भरते. त्याची अंडी लेंड्यांवाटे बाहेर पडतात. परंतु ती सरळ दुसऱ्या उंदराच्या पोटात वाढत नाहीत. पिठातील तांबड्या भुंगेऱ्याने किंवा पिसवेच्या अळीने ती खाल्ली, तरच त्या कीटकाच्या शरीरात कृमीची पुढील अवस्था तयार होते. असा कीटक उंदराने गिळला की चक्र पुरे झाले. कच्चे पीठ किंवा किडके धान्य तोंडात टाकणाऱ्या मुलाच्या पोटातही हा कृमी क्वचित पोहोचतो. अन्न नीट शिजले असता तो मरतो.

हे चक्र फळ्यावर काढून ते कोठे तोडता येईल, असे मुलांना विचारावे. ‘उंदीर मारावा’ हे उत्तर तत्काळ येते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. भुंगेरा हाही या साखळीचा दुवा आहे, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. मग शाळेच्या पोषण आहाराचा तांदूळ कोठे ठेवला आहे, पोती भिंतीला टेकलेली आहेत की फळीवर, डब्याला घट्ट झाकण आहे काय, हे वर्गाने प्रत्यक्ष पाहून यावे. या पाहणीत शाळेचेच उणे दिसले तर ते झाकू नये.

याच कुळातील हायमेनोलेपिस नाना हा बुटका पट्टकृमी मुलांत पुष्कळ अधिक आढळतो. त्यास कीटकाची गरज नसते; न धुतलेल्या हातावरून तो मुलाकडून मुलाकडे जातो. तेव्हा सर्व दोष उंदरावर टाकणे योग्य नव्हे.

उंदराच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत राहणारा आणखी एक कृमी १९३५ साली चीनमधील कँटन येथे वर्णिला गेला. तो गोगलगायींतून पसरतो आणि माणसात मेंदूच्या आवरणास दाह करतो. मुंबईच्या उंदरांत तो असल्याची नोंद १९८२ साली झाली. पावसाळ्यात पालेभाजी धुऊन घेण्यास एवढे कारण पुरेसे आहे.

वरच्या वर्गांना फिबिगर यांची हकिगत सांगण्याजोगी आहे. झुरळांतून उंदरांत जाणारा कृमी कर्करोग उत्पन्न करतो, असे या डॅनिश शास्त्रज्ञास वाटले आणि त्यांस १९२६ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे तो निष्कर्ष टिकला नाही. उंदरांच्या आहारातील ‘अ’ जीवनसत्त्वाच्या उणिवेकडे बोट दाखविले गेले. कृमी खरा होता, अनुमान चुकले होते.

२०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल दिले जाते. ती गोळी मुख्यतः मातीतून येणाऱ्या गोल कृमींसाठी आहे. बुटक्या पट्टकृमीवरील औषध निराळे असते; म्हणून गोळी घेऊनही पोटाची तक्रार राहिल्यास मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.

मेलेला उंदीर वर्गात आणून चिरून दाखवू नये. काही कृमींची अंडी उंदराच्या यकृतात अडकून राहतात आणि प्रेत कुजल्यावर मातीत मोकळी होतात. त्यास हात न लावता फावड्याने उचलावे आणि खेळाच्या मैदानापासून व विहिरीपासून दूर, कुत्र्यामांजरांना उकरता येणार नाही इतक्या खोल खड्ड्यात पुरावे. हे काम मुलांकडून करवून घेऊ नये.