गुंतवणूक सल्लागाराच्या परीक्षेसाठी अभ्याससाहित्याची निवड

चि. मुग्धा हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

विशेष. मोबदला घेऊन इतरांना गुंतवणुकीचा सल्ला द्यावयाचा असल्यास भारतात भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाकडे, म्हणजे सेबीकडे, २०१३ च्या गुंतवणूक सल्लागार विनियमांनुसार नोंदणी करावी लागते, आणि त्या नोंदणीकडे जाणारा नेहमीचा मार्ग एनआयएसएम या संस्थेच्या एक्स-ए व एक्स-बी या दोन परीक्षांमधून जातो. ही संस्था सेबीनेच २००६ साली स्थापन केली असून तिचा परिसर रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे आहे. या परीक्षांसाठी क्लासच्या नोट्स, क्वेश्चन बँका आणि मॉक टेस्टचे संच इतक्या संख्येने उपलब्ध आहेत की परीक्षार्थ्याचा पहिला उत्साह ते जमवण्यातच संपतो, आणि कपाट भरले म्हणजे अभ्यास झाला असे त्याला वाटू लागते. म्हणून मुग्धेने पुस्तके घेण्यापूर्वी निवडीचा विचार शांतपणे करणे इष्ट ठरेल.

पाया एकच असावा, आणि तो एनआयएसएमच्या स्वतःच्या वर्कबुकचा असावा, कारण प्रश्न त्याच्या आधारे काढले जातात आणि अभ्यासक्रमाची मर्यादाही तेच ठरवते. वर्कबुकची भाषा रूक्ष आहे आणि सोडवलेली उदाहरणे मोजकी आहेत, हे मान्य करावे लागेल. तरीही त्या रूक्षतेला कंटाळून सारांशाच्या पुस्तिकेवर विसंबणाऱ्याला, कोणता मुद्दा गाळला गेला आहे, हे परीक्षेच्या खोलीत बसेपर्यंत कळत नाही. वर्कबुकची आवृत्ती कोणत्या महिन्याची आहे आणि ती कोणत्या तारखेपासूनच्या परीक्षांना लागू आहे, हे पहिले पान उलटण्याआधी पाहावे; सुधारित आवृत्ती निघाली असेल तर कोणाकडून मिळालेली जुनी प्रत, तिच्यावर कितीही सुबक खुणा केलेल्या असल्या तरी, बाजूला ठेवावी.

तारखेचा हा आग्रह एक्स-बी परीक्षेत सर्वाधिक महत्त्वाचा ठरतो, कारण विमा, निवृत्तिनियोजन, कर आणि वारसा-नियोजन हे विषय मुख्यतः तिथे येतात. २३ जुलै २०२४ पासून सूचिबद्ध समभागांवरील दीर्घकालीन भांडवली नफ्याचा, म्हणजे वर्षाहून अधिक काळ ठेवलेले समभाग विकून झालेल्या नफ्याचा, कर १० टक्क्यांवरून १२.५ टक्के झाला आणि करमुक्त मर्यादा एक लाखावरून सव्वा लाख रुपये झाली. त्याच वेळी इंडेक्सेशनची, म्हणजे खरेदीची किंमत महागाईच्या निर्देशांकानुसार वाढवून मग नफा मोजण्याची, सवलत सर्वसाधारणपणे काढून घेण्यात आली. जुने पुस्तक इथे उघड चुकते आणि म्हणून लगेच ओळखू येते. अधिक धोका घाईने सुधारलेल्या पुस्तकाचा असतो, जे इंडेक्सेशन गेले एवढेच लिहून थांबते आणि त्या तारखेपूर्वी घेतलेली जमीन किंवा घर विकणाऱ्या निवासी व्यक्तीला इंडेक्सेशनसह २० टक्के व त्याविना १२.५ टक्के यांपैकी कमी येणारा कर भरण्याची मुभा ठेवली आहे, हे सांगतच नाही. कोणतेही कर-पुस्तक विकत घेण्यापूर्वी त्यातील हे एक पान काढून वाचले, तरी संपादकाने मजकूर खरोखर तपासला आहे की नुसते आकडे बदलले आहेत, याचा निवाडा होतो. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम, २०२५ लागू होत असल्याने कलमांचे क्रमांकही बदलले आहेत, हेही ध्यानात असावे.

सरावाच्या साहित्याची कसोटी निराळी आहे. दोन्ही परीक्षा प्रत्येकी १५० गुणांच्या व तीन तासांच्या असून उत्तीर्ण होण्यास ६० टक्के गुण लागतात आणि निगेटिव्ह मार्किंग असते, म्हणजे चुकीच्या उत्तरामागे त्या प्रश्नाच्या गुणांपैकी २५ टक्के कापले जातात. एका गुणाच्या ९० प्रश्नांपैकी ५८ बरोबर व ३२ चूक आले, तर कपात न करणारी मॉक टेस्ट ६४ टक्के दाखवून परीक्षार्थ्याला निश्चिंत करते. प्रत्यक्षात आठ गुण वजा होऊन ५० उरतात आणि साठ टक्क्यांसाठी लागणाऱ्या ५४ गुणांना ते चार कमी पडतात. तेव्हा गुण न कापणारा संच फुकट मिळाला तरी महाग पडतो.

त्याहून मोठा फरक स्पष्टीकरणांत असतो. गुंतवणुकीवर १२ टक्के परतावा आणि महागाई ६ टक्के असताना वास्तव परतावा किती, या प्रश्नाच्या पर्यायांत ६ आणि ५.६६ हे दोन्ही आकडे असणारच. सामान्य क्वेश्चन बँक ५.६६ वर खूण करून पुढे जाते, तर चांगली क्वेश्चन बँक १.१२ ला १.०६ ने भागून एक वजा करायचा असतो हे सांगते आणि सरळ वजाबाकी का चालत नाही, तर वर्षाअखेर हाती येणारी सगळीच रक्कम महागाईने झिजते म्हणून, हेही समजावते. केसलेट, म्हणजे एखाद्या कुटुंबाचे उत्पन्न, कर्जे व उद्दिष्टे सांगणारा उतारा आणि त्यावरील प्रश्न, अशा स्पष्टीकरणाशिवाय सुटत नाहीत. मागील परीक्षार्थ्यांच्या आठवणीतून जमवलेले प्रश्न म्हणून जे विकले जाते, त्याला मुग्धेने हातही लावू नये. ते विश्वासार्ह नसते, आणि ज्या व्यवसायात लोक आयुष्याची कमाई भरवशावर समोर ठेवतात त्याचा आरंभ असा होऊ नये.

क्लासबद्दल फार सांगण्यासारखे नाही: गणिताची भीती असेल तर लावावा, नसेल तर त्याचे पैसे वाचवावेत.

साहित्य भलत्याच परीक्षेचे नाही ना, हेही पाहावे, कारण व्ही-ए या म्युच्युअल फंड वितरकांच्या परीक्षेची पुस्तकेही आर्थिक सल्ल्याच्या नावाखाली विकली जातात. ती १०० गुणांची असून ५० टक्क्यांना उत्तीर्ण करते आणि तिच्यात गुण कापले जात नाहीत. वितरकाला फंड कंपनीकडून कमिशन मिळते, तर सल्लागार आपले शुल्क थेट ग्राहकाकडून घेतो आणि ग्राहकाचे हित आधी पाहण्यास तो कायद्याने बांधलेला असतो. कमिशन वगळून चालणाऱ्या डायरेक्ट योजना १ जानेवारी २०१३ पासून उपलब्ध झाल्यामुळे हा भेद व्यवहारातही ठळक झाला आहे.

वारसा-नियोजनाचे प्रकरण मात्र गुणांपुरते वाचून सोडू नये. नामनिर्देशित व्यक्ती, म्हणजे नॉमिनी, ही समभागांची मालक होत नाही, ती वारसांच्या वतीने ते स्वीकारते, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईहून आलेल्या एका दाव्यात स्पष्ट केले. नॉमिनीचे नाव घातले की मृत्युपत्राची गरज उरत नाही, असे मानणारी घरे आजही पुष्कळ आहेत आणि त्यांना वेळेवर सावध करणारा सल्लागारच बहुधा भेटत नाही. म्हणून या प्रकरणासाठी मूळ अधिनियमांतील संबंधित कलमे वर्कबुकच्या शेजारी ठेवून वाचावीत, मग त्यांवर एकही प्रश्न आला नाही तरी चालेल.

कळावे.

आत्या