रात्री तीनला भरलेला फॉर्म

बाळा, ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी तू इंग्लंडात डॉक्टरांच्या फाउंडेशन प्रशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला रुजू होणार, म्हणून ताईने गल्लीत पेढे वाटले म्हणे. वाटू दे. तिकडे जाण्यासाठीच्या प्लॅब परीक्षेचा अभ्यास कसा करायचा हे तुला कळत होतं, मी त्यात पडले नाही. पण पुढे टॅब नावाचं एक प्रकरण येईल. ते पाठ करून सुटत नाही, म्हणून हे चार शब्द.

टॅब म्हणजे टीम असेसमेंट ऑफ बिहेव्हिअर. तुझ्याबरोबर काम करणाऱ्या पंधराएक जणांना ऑनलाइन फॉर्म जातो आणि निदान दहा भरून यावे लागतात. विचारतात चारच गोष्टी: पेशंटशी वागणं, बोलणं-सांगणं, सहकाऱ्यांशी जमवून घेणं आणि हाकेला धावणं. तुला हृदयाच्या झडपांची किती माहिती आहे, याची चौकशी तिथे नाही. फॉर्म भरणाऱ्यांत कन्सल्टंट लागतो, तुझ्याहून वरचे डॉक्टर लागतात, नर्सेस लागतात. शिवाय फार्मसिस्ट, फिजिओ, वॉर्ड क्लार्क, सेक्रेटरी. तुझ्याबरोबरीच्या मित्रांचे फॉर्म त्यात धरत नाहीत.

मिरजेला आम्ही डॉक्टरकी शिकत होतो तेव्हा सरांचं मत हेच मत. वॉर्डातल्या मामा-मावशींना आपण कसे वाटतो हे कुणी विचारलंच नाही, आणि विचारलं असतं तर आमची निम्मी बॅच घरी बसली असती. इंग्लंडात वॉर्ड क्लार्कचा फॉर्मही मोजला जातो. हे डोक्यात शिरायला मला वर्षं लागली, तुला चार महिन्यांत शिरायला हवं.

पहिल्याच दिवशी एक कर. नर्सला ‘सिस्टर’ म्हणून हाक मारू नकोस. आपल्याकडे तो मान आहे, तिथे सिस्टर हा हुद्दा आहे, वॉर्ड चालवणारीचा. बाकीच्यांना नावाने हाक मारायची, आणि त्यासाठी नावं पाठ लागतात. छातीवरच्या बिल्ल्यावर असतात, वाच.

आता रात्रीचं. तीन वाजता ब्लीप, म्हणजे खिशातला पेजर, वाजतो. सलाइनची पुढची बाटली लिहून हवी असते, नाहीतर कुणाची लाइन निघालेली असते. तू खालच्या मजल्यावर दम लागलेल्या आजोबांपाशी अडकलेला. अशा वेळी फोनवर सुस्कारा टाकू नकोस, तो पलीकडे स्वच्छ ऐकू जातो. ‘येतो’ म्हणून दोन तास गायबही होऊ नकोस. सांग, की इथे एक जण बिघडलाय, मला पाऊण तास लागेल; तोवर बीपी पुन्हा बघ, घसरलं तर लगेच ब्लीप कर. मग पाऊण तासाने खरंच जा. जमत नसेल तर फोन करून तेही सांग. मी बरीच वर्षं एज्युकेशनल सुपरवायझर होते, टॅबचे गठ्ठे वाचले. उशिरा येणाऱ्याबद्दल नर्सेस फारशी तक्रार करत नाहीत. न सांगता उशिरा येणाऱ्याला मात्र सोडत नाहीत. नोव्हेंबरात जो फॉर्म भरला जातो, तो खरं तर ऑगस्टातल्या अशाच एखाद्या रात्री भरून झालेला असतो.

माणसं निवडताना गोडबोलेच शोधू नकोस. 1993 साली रॅम्झी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत डॉक्टरांबद्दल त्यांच्या सहकाऱ्यांची मतं गोळा केली. नावं डॉक्टरांनी स्वतः दिली काय किंवा दुसऱ्याने दिली काय, निकालात फारसा फरक पडला नाही, आणि भरवशाचं चित्र दिसायला अकराएक मतं पुरली. म्हणजे लबाडीचा उपयोग नाही, वर तुझ्या सुपरवायझरला ती यादी बघूनच कळेल. तुला दमलेलं पाहिलंय अशांची नावं घाल.

निकाल आला की तुझा चेहरा पडेल, हेही सांगून ठेवते. जन्मभर डिस्टिंक्शन मोजलेल्या पोराला दिसणार काय, तर ‘नो कन्सर्न’. चिंतेचं कारण नाही. बाळा, त्याच्या वर ग्रेडच नाही! खाली आहेत ‘सम कन्सर्न’ आणि ‘मेजर कन्सर्न’. खरा माल शेऱ्यांत असतो, आणि ते इंग्रजी शेरे आपल्या कानाने वाचायचे नसतात. ‘कधीकधी जरा घाईत वाटतो’ असं लिहिलं असेल, तर कुणीतरी बरंच सोसून ते लिहिलंय. ‘मदत थोडी आधी मागितली तर बरं’ हे वाचून तर त्याच दिवशी सुपरवायझरकडे जाऊन बस.

मात्र शेरा कुणाचा, हे शोधत बसू नकोस. आम्हा कन्सल्टंटांनाही रिव्हॅलिडेशनसाठी, म्हणजे डॉक्टरकीचा परवाना चालू राहावा म्हणून, सहकाऱ्यांची मतं घ्यावी लागतात. 2012च्या डिसेंबरात ते सुरू झालं. माझ्या पहिल्याच फेरीत एकाने लिहिलं, ‘प्रश्न विचारला की डॉक्टर मान वर न करता उत्तर देतात.’ मी आठवडाभर एका फार्मसिस्टशी तुटक वागले. तिचाच शेरा, अशी माझी खात्री. घरी काकांना वाचून दाखवला, तर ते पेपरातून डोकं बाहेर काढून म्हणाले, ‘बरोबर आहे की!’ त्या बिचारीने फॉर्म भरलाच नव्हता, हे मला नंतर तिच्याकडूनच कळलं.

स्वतःबद्दलचाही एक फॉर्म तुला भरावा लागेल. तो इतरांचे यायच्या आधी भर, आणि सगळीकडे ‘उत्तम’ लिहून मोकळा होऊ नकोस. तुझं लिहिलेलं आणि त्यांचं लिहिलेलं शेजारी ठेवून सुपरवायझर फट कुठे आहे ते बघतो.

फॉर्म पाठवण्याआधी प्रत्येकाला तोंडाने विचार, ‘भराल का?’ नुसती ईमेल गेली तर ती शंभरांत बुडते. आणि वॉर्ड क्लार्कला शुक्रवारी दुपारी विचारू नकोस, तेव्हा डिस्चार्जची रीघ असते. मंगळवारी सकाळी विचार, तिचा चहा झाल्यावर.