डब्याच्या झाकणाचा आवाज

रात्री साडेअकराला दिवा न लावता स्टीलच्या डब्याचं झाकण आवाज न करता उघडायची कला मला साधली आहे. डबा पोटाशी धरायचा, अंगठा कडेखाली घालायचा आणि झाकण उचलायचं नाही, थोडं थोडं फिरवत सैल करायचं. आत चिवडा. दोन तासांपूर्वीच मी तीन पोळ्या, वर आमटी-भात आणि ताक असा रीतसर जेवलेला असतो. या साधनेत पंचवीसेक वर्षं घालवल्यावर जे कळलं, ते सांगतो.

१. खऱ्या भुकेला नखरे नसतात. आमच्या घरचा एक ठरलेला संवाद आहे. "काहीतरी खायला आहे का गं?" "सकाळची दुधीची भाजी आहे, गरम करून देऊ?" "नको, तेवढी भूक नाही." बायको यावर नुसती बघते. दुधीला नाही म्हणणारी आणि चिवड्याला हो म्हणणारी ती भूक नव्हेच, हे मला पन्नाशीला कळलं. भाषेला ते आधीपासून ठाऊक होतं. भूक लागते आणि भागते. खा-खा मात्र 'सुटते'. सुटलेलं काही भागत नसतं.

२. भूक घड्याळ बघते. एकदा जेवणाचा डबा लोकलमध्ये राहिला. एक वाजता पोटात कावळे ओरडायला लागले, दीडला वाटलं आता घेरी येणार, आणि अडीचला पाहतो तर भूक गायब. आई याला 'भूक मेली' म्हणायची. १९९९ मध्ये कोजिमा आणि कांगावा या जपानी शास्त्रज्ञांनी ग्रेलिन नावाचं संप्रेरक शोधलं. ते मुख्यतः जठरातून स्रवतं, रोजच्या जेवणाची वेळ झाली की वाढतं आणि आपण नाही जेवलो तरी काही वेळाने उतरतं. म्हणजे पोट वेळेवर हाक मारतं, ओ दिली नाही तर थोडा वेळ गप्प बसतं. माझ्या खा-खाला मात्र घड्याळ कळत नाही. साहेबांचा फोन येऊन गेला की ती हजर.

३. उलटीही चूक होते. खरी भूक लागलेली असताना मी तिला राग समजतो. संध्याकाळी डोंबिवलीला उतरून घरी पोचेपर्यंत रिक्षावाला, शेजारी, मुलगा, सगळेच माझ्या वाईटावर असतात. वरण-भाताचे चार घास गेले की सगळे सुधारतात.

४. वडील गेले त्या दिवशी मला कडकडून भूक लागली, आणि त्याची लाज मी कितीतरी वर्षं बाळगली. स्मशानातून परतलो, आंघोळी झाल्या, दुपारचे चार वाजले होते. शेजारच्या काकूंनी कडू घास म्हणून पिठलं-भात आणला होता. सगळे दोन घास चिवडून उठत होते. मी तीनदा भात घेतला. आत्याने एकदा माझ्या ताटाकडे पाहिलं, बोलली काहीच नाही. तेवढं पुरलं. आपल्याला दुःखच झालं नाही की काय, असं वाटत राहिलं. खरं तर रात्रभर दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या, सकाळपासून चहावर असलेल्या शरीराची ती साधी भूक होती. पिठल्याने भागली. दुःखाचं खाणं सुरू झालं पाच महिन्यांनी. बँकेत वडिलांच्या पासबुकावर 'खाते बंद'चा शिक्का बसला. मी बाहेर पडलो, कोपऱ्यावरून पाव किलो बाकरवडी घेतली आणि स्टेशन येईपर्यंत एकट्याने संपवली. चव एकीचीही आठवत नाही. कागदात शेवटी तीळ आणि चुरा राहिला होता, तो बोट ओलं करून टिपला, तेवढं आठवतं.

५. कळलं म्हणून वळत नाही. हल्ली मी झाकणाला हात घालण्याआधी स्वतःला विचारतो, "काय झालंय?" उत्तर बहुतेक वेळा प्रामाणिक येतं: कंटाळा आलाय, मुलाचा फोन आला नाही, उद्या सोमवार आहे. उत्तर ऐकून घेतो आणि चिवडा खातो. मूठभर कमी खात असेन, पण त्यावर पैज लावू नका.

६. चोरून खाणं ही माझी एकट्याची मिरासदारी नाही. मागच्या महिन्यात अंधारात माझी साधना चालू असताना आतून आवाज आला, "अहो, दिवा लावून खा की. आणि ताटलीत घ्या, सकाळी ओट्यावर शेव सापडते." म्हणजे सगळं ठाऊक होतं, किती वर्षांपासून ते विचारायचं धाडस झालं नाही. पुढच्या रविवारी ती बाहेर गेली होती म्हणून मी भात लावायला घेतला. तांदळाच्या डब्यात मापटं घातलं तर खाली काहीतरी लागलं. उकरून पाहिलं. चिक्कीचं पाकीट, अर्धं संपलेलं, तोंडाला रबर लावलेलं. होतं तसं ठेवलं, वरून तांदूळ सारखे केले आणि झाकण लावलं. आवाज न करता.