वाढते वजन आणि वेदनाशामक औषधे
(कर्करोगाच्या उपचारकाळात घरच्यांनी जाणून घ्यावयाच्या गोष्टी)

कर्करोगाचा रुग्ण खंगत जातो, असा सर्वसाधारण समज आहे. त्यामुळे उपचार चालू असताना रुग्णाचे वजन वाढू लागले की घरात दोन मते ऐकू येतात. कोणी म्हणतो, "अंगावर मूठभर मांस चढले, आता रोग हटला." कोणी म्हणतो, "ही सूज दुखण्याच्या गोळ्यांची आहे, त्या बंद करा." दोन्ही अनुमाने घाईची आहेत. दुसऱ्यामुळे तर रुग्णाला विनाकारण यातना भोगाव्या लागतात.

वजन का वाढते?

उलट्या थांबविण्यासाठी, सूज उतरविण्यासाठी व कित्येकदा वेदना कमी करण्यासाठी डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन यांसारखी स्टेरॉइड औषधे दिली जातात. त्यांमुळे भूक वाढते, चेहरा गोल होतो व पोट सुटते. हातापायांचे स्नायू मात्र बारीक होतात. रक्तातील साखरही वाढू शकते. स्तनाच्या कर्करोगात उपचारामुळे मासिक पाळी अकाली थांबणे, हार्मोनवरील औषधे आणि थकव्यामुळे हालचाल कमी होणे, हीही वजनवाढीची कारणे आहेत.

वेदनाशामकांपैकी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधे शरीरात पाणी साठवू शकतात व मूत्रपिंडांना अपाय करू शकतात. म्हणून ती दुकानातून परस्पर आणू नयेत. नसांच्या वेदनेवरील प्रीगाबालिनसारख्या औषधांनीही वजन वाढू शकते. मॉर्फिनने मात्र सहसा वजन वाढत नाही.

पाणी कसे ओळखावे?

नडगीवर अंगठा काही क्षण दाबून धरावा. खळगा तसाच राहिल्यास ती सूज समजावी. पोटात पाणी झाले तर शरीर झिजत असतानाही काटा वर चढतो. दोन-चार दिवसांत वजन एकदम दोन किलोंनी वाढले, धाप लागली किंवा एकच पाय सुजला, तर त्वरित डॉक्टरांना दाखवावे. एरवी आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर वजन करून वहीत नोंद ठेवावी. वजन घटविण्यासाठी रुग्णाने उपास करू नयेत.

मॉर्फिनविषयी भीती

जागतिक आरोग्य संघटनेने 1986 साली कर्करोगाच्या वेदनेवरील उपचाराची तीन पायऱ्यांची पद्धत मांडली. सौम्य वेदनेस पॅरासिटामॉलसारखे औषध, त्याने न भागल्यास कोडीनसारखे, आणि तीव्र वेदनेस मॉर्फिन, असा हा क्रम आहे. वेदना असह्य होण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी, घड्याळाप्रमाणे गोळी देणे हे तिचे मुख्य सूत्र होय.

मॉर्फिन अफूपासून तयार होते. मध्य प्रदेशातील नीमच व मंदसौर जिल्ह्यांत शासकीय परवान्याने अफूची शेती होते. तरीही 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील कडक अटींमुळे हे औषध रुग्णांपर्यंत पोहोचणे दुष्कर झाले होते. 2014 च्या दुरुस्तीने या अटी पुष्कळशा सुलभ झाल्या. वैद्यकीय देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फिनला व्यसन म्हणणे योग्य नव्हे. सुरुवातीस मळमळ व गुंगी येते. ती बहुधा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठ मात्र टिकून राहते, म्हणून सारक औषध रोज बरोबर घ्यावे. रुग्ण जागा होईनासा झाला किंवा श्वास मंदावला, तर ताबडतोब रुग्णालयात न्यावे. गोळ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा कुलुपात ठेवाव्यात.

हे कटाक्षाने पाळावे

1. स्टेरॉइड किंवा मॉर्फिन आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये. अनेक आठवडे घेतलेले स्टेरॉइड अचानक थांबविल्यास जिवावर बेतू शकते. मात्रा डॉक्टरच हळूहळू उतरवितात.
2. केमोथेरपीच्या काळात पॅरासिटामॉल देण्यापूर्वी ताप मोजावा. गोळीने ताप झाकला जातो. 100.4 अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप असल्यास त्याच वेळी रुग्णालय गाठावे.
3. तपासणीस जाताना सर्व औषधे व वजनाची वही बरोबर न्यावी.

गावातील शिक्षकांनी व आरोग्य कर्मचाऱ्यांनी रुग्णाच्या घरच्यांना ही माहिती समजावून सांगावी. वजनवाढीवर पुष्कळदा औषध बदलून किंवा मात्रा कमी करून उपाय करता येतो. त्यासाठी रुग्णाला वेदना सोसावयास लावण्याची गरज नाही.