चंडोल व कंदीलपुष्प : माळाचे दोन रहिवासी

धाराशिव जिल्ह्यात बालाघाटाच्या माथ्यावर हलक्या, मुरमाड जमिनीचे पडीक तुकडे पुष्कळ आहेत. अशा माळावर आढळणाऱ्या चंडोल पक्ष्याची व कंदीलपुष्पाच्या वेलीची तुलना आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

चंडोल आकाशात उडता उडता गातो. घरटे मात्र जमिनीवर, गवताच्या ठोंबाआड करितो. पिलांस तो किडे चारितो, हा शेतकऱ्याचा लाभच होय. कंदीलपुष्पास खर्चुडी असेही म्हणतात. ते पावसाळ्यात फुलते. फुलाच्या नळीत शिरलेली चिलटे आतील केसांमुळे अडकतात. केस सुकले म्हणजे पराग घेऊन सुटतात. पुढे वेल वाळते, पण भूमीतील कंद जिवंत राहतो.

माळ मोडणे हे दोघांवरील समान संकट होय. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या २०२३ सालच्या अहवालात माळरानावरील पक्ष्यांची घट विशेष दिसून आली. कंदीलपुष्पाच्याही कित्येक जाती महाराष्ट्रात दुर्मिळ झाल्या आहेत.

परंतु भेदही ध्यानात घ्यावा. गवत पेटविल्याने चंडोलाची अंडी जातात, तरी पक्षी उडून वाचतो व गवत वाढल्यावर परत येऊ शकतो. कंद मात्र नांगराने फुटला, अथवा कोणी खाण्यासाठी उपटला, की ती वेल संपली.

म्हणून विणीच्या दिवसांत गवत राखावे. आणि जेथे पेरलेले बीही पदरात पडत नाही, असा मुरमाड पट्टा कायमचा नांगराबाहेर ठेवावा. पक्ष्यास एका हंगामाची सवड पुरते. वेलीस कायमची जागा लागते.