उतारवयातील प्रज्ञासाधना

आपल्या शाळेच्या पहिल्या तुकड्यांतील विद्यार्थी आता साठीच्या घरात आले आहेत. काहींनी ती ओलांडलीही आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरात अक्षर प्रथम आपणच नेले, पगाराची नोकरी प्रथम आपणच केली, आणि निवृत्तिवेतन घेऊन घरी बसणारी कुळातील पहिली पिढीही आपणच आहोत. आपल्या आजोबा-पणजोबांना म्हातारपण होते, निवृत्ती नव्हती. हातपाय चालले तोवर ते राबले. त्यामुळे नोकरीनंतरची वर्षे कशी घालवावीत याचा वस्तुपाठ आपल्याला घरात मिळालेला नाही. तो धम्मवाङ्मयात कोठे सापडतो, हे पाहावे म्हणून हा लेख.

वय वाढले की शहाणपण आपोआप येते, हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. पाली वाङ्मय तो मान्य करीत नाही. धम्मपदातील अकरावा वग्ग जरावग्ग म्हणून ओळखला जातो. त्यात शिकणे सोडलेल्या माणसाचे वार्धक्य बैलाच्या वाढीच्या पंक्तीला बसविले आहे. लकुंटक भद्दिय नावाचे थेर उंचीने अगदी ठेंगणे होते. त्यांना वाटेत पाहून अरण्यवासी भिक्खूंना ते एखादे श्रामणेर वाटले. त्या निमित्ताने तथागतांनी सांगितले, की पांढऱ्या केसांवरून कोणी थेर ठरत नाही. हे वचन आपण विहारात मोठ्या भक्तिभावाने ऐकतो. विहार समितीच्या निवडणुकीत मात्र ते आपल्याला क्वचितच आठवते.

मग प्रज्ञा येते कोठून? परंपरेने तिचे तीन प्रकार सांगितले आहेत : सुतमय म्हणजे ऐकून-वाचून मिळालेली, चिंतामय म्हणजे स्वतःच्या विचारातून आलेली आणि भावनामय म्हणजे साधनेने अंगी बाणलेली. उतारवयात आपल्यापाशी पहिलीचा साठा भरपूर असतो. पन्नास वर्षे भाषणे ऐकलेली असतात, जयंत्यांना व्यासपीठावर बसलेलो असतो. पण ऐकलेल्यावर पुढचा प्रश्न विचारण्याची सवय मोडलेली असते. हा पुढचा प्रश्न किती मोलाचा, हे संयुत्तनिकायातील नकुलपिता सुत्तावरून कळते.

नकुलपिता हे गृहस्थ भग्ग देशातील सुंसुमारगिरीचे रहिवासी होते. वय झालेले, शरीर सतत आजारी, भगवंतांचे दर्शनही क्वचित घडणारे. त्यांनी उपदेश मागितला. भगवंतांनी थोडक्यात सांगितले, की शरीर व्याधिग्रस्त असले तरी चित्त व्याधिग्रस्त होऊ देऊ नये, याचा अभ्यास करा. नकुलपिता संतुष्ट होऊन निघाले आणि सारिपुत्तांना भेटले. त्यांच्या मुखावरील प्रसन्नता पाहून सारिपुत्तांनी कारण विचारले, ते ऐकून घेतले आणि मग विचारले : चित्त आजारी पडते म्हणजे काय होते, हे आपण भगवंतांना विचारले नाही का? त्या वृद्ध गृहस्थांनी सबब सांगितली नाही. याचा अर्थ आपल्याकडून ऐकण्यासाठी आम्ही दुरूनही आलो असतो, एवढेच ते म्हणाले.

सारिपुत्तांनी दिलेले उत्तर आपल्या पिढीसाठीच दिले असावे, असे वाटते. अजाण माणूस रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या पाच स्कंधांना ‘हा मी, हे माझे’ असे धरून बसतो. स्कंध तर बदलणारच. ते बदलले की धरून बसलेल्याला शोक होतो. हाच चित्ताचा आजार. ज्याने अशी पकड ठेवली नाही त्याचेही शरीर झिजते, पण त्या झिजण्याने त्याचे चित्त ढासळत नाही.

आता हे आपल्या घरात आणून पाहू. तीस-पस्तीस वर्षे कोणी ‘साहेब’ होते, कोणी ‘गुरुजी’, कोणी ‘सिस्टर’. आपल्या समाजाला या शब्दांचे मोल जास्त आहे. ज्यांच्या वडिलांना गावात एकेरी नावाने हाक मारली जाई, त्यांना ‘साहेब’ म्हटले गेले. ती हाक केवळ हुद्द्याची नव्हती. तिचा अभिमान वाटला यात काही वावगे नाही. पण निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी ती हाक थांबते. मग घरातच साहेबी सुरू होते, सुनेच्या स्वयंपाकावर शेरे लिहिले जातात, नातवंडांची झडती घेतली जाते. कोणी मौन धरून खिडकीशी बसतात. रक्तदाबाची गोळी आपण वेळेवर घेतो, पण या दुखण्याला नावही देत नाही. नकुलपित्यांना सांगितलेला अभ्यास येथे लागू पडतो. ‘साहेब’ हे मी केलेले काम होते, मी नव्हे, हे रोज थोडे थोडे पाहत जाणे. हे एका शिबिरात साधत नाही.

मालमत्तेची पकड आणखी अवघड. श्रावस्तीच्या सोणा या उपासिकेला मुले पुष्कळ, म्हणून लोक तिला बहुपुत्तिका म्हणत. थेरीगाथेत अपत्ये दहा आहेत, अट्ठकथेत चौदा. आकड्याने कथेला बाधा येत नाही. पतीच्या पश्चात मुलांनी वाटणी मागितली, ‘आम्ही तुला सांभाळू’ म्हणाली, आणि तिने सर्व वाटून दिले. काही दिवसांतच थोरल्या सुनेने ऐकविले, की आम्हाला काय दोन वाटे दिले आहेत? पुढच्या प्रत्येक दारी तेच. शेवटी ती भिक्खुणीसंघात गेली. तेव्हा तिचे वय झालेले होते. उशिरा आलो म्हणून अधिक झटले पाहिजे, हे ओळखून ती रात्रीही साधना करी. अंधारात डोके आपटू नये म्हणून खांबाला हात लावून त्याच्याभोवती चंक्रमण करी. पुढे वीर्यात, म्हणजे प्रयत्नशीलतेत, अग्र अशी तिची गणना झाली. ही कथा मुलांना दोष देण्यासाठी वाचली तर निम्मीच वाचली. (कागदपत्रांवर सही करण्यापूर्वी वकिलाला विचारावे, हा व्यवहार वेगळा, आणि तोही आवश्यक.)

राध यांचे उदाहरण याहून बोलके आहे. हा गरीब वृद्ध ब्राह्मण विहारात झाडलोट करून राहत असे, पण त्याला प्रव्रज्या द्यायला भिक्खू तयार नव्हते. याचे कधी काही उपकार कोणाला आठवतात का, असे भगवंतांनी विचारले. सारिपुत्तांना आठवले, की त्याने आपल्याला एकदा पळीभर अन्न दिले होते. त्यांनी त्याला शिष्य करून घेतले. पुढे हा शिष्य कसा आहे, असे विचारल्यावर सारिपुत्तांनी त्याच्या एका गुणाची प्रशंसा केली : तो ‘सुवच’ आहे, चूक दाखविली तर रागावत नाही. मराठीत या शब्दाला नेमका पर्याय नाही, आणि वयस्कांसाठी तर मुळीच नाही. आज्ञाधारकपणा आपण मुलांकडून मागतो. सांगितलेले ऐकून घेण्याचा गुण सत्तरीच्या माणसाकडून कोणी मागत नाही.

बाबासाहेबांनी नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा घेतली तेव्हा ते ६५ वर्षांचे होते, प्रकृती खालावलेली होती. मधुमेहाने शरीर पोखरले असताना ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे काम चालू होते. तो परिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी तयार केलेले पाली व्याकरण आणि कोशाचे काम महाराष्ट्र शासनाने त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात छापले आहे. जगातल्या मोठ्या विद्यापीठांच्या पदव्या मिळविलेला हा माणूस पालीचे शब्द विद्यार्थ्यासारखे लिहून काढीत होता. त्यांच्या विद्वत्तेपर्यंत आपण पोहोचणार नाही, हे खरे. पण शब्द वहीत उतरविणे कोणालाही जमते.

ते किती जमते, हे ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे येथे पाहायला मिळाले. ८ मार्च २०१६ रोजी तेथे आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारीतल्या, साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या पाटी-दप्तर घेऊन वर्गात बसल्या. आपल्या वसतिगृहातील मुलांना भेटायला येणाऱ्या आज्यांपैकी काही अजूनही नोंदवहीत अंगठा उठवितात, हे या ठिकाणी नमूद केले पाहिजे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. यंदाच्या मेळाव्यात सत्कार आणि मनोगते होतीलच; ती आटोपशीर ठेवावीत. सायंवंदनेनंतर मुलांच्या अभ्यासिकेत तासभर बसावे. दहावीतले विद्यार्थी पालीची मुळाक्षरे आणि नकुलपिता सुत्ताचा आरंभ समजावून देतील. उच्चार चुकला तर ते थांबवतील, तशी त्यांना मोकळीक दिलेली आहे. अंगठा उठविणाऱ्या आज्यांसाठी शेजारच्या वर्गात पाट्या ठेवल्या जातील. वही आणि चष्मा घरून आणावा.