गावचीच परिचारिका

मुलांनो, पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेड हा अवर्षणग्रस्त तालुका आहे. तेथे १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने आरोग्यसेवेस आरंभ केला. त्या काळी खेड्यांत हगवणीने अनेक तान्ही बालके दगावत. प्रथम शिकलेल्या परिचारिका गावोगावी पाठविल्या. परंतु गावकऱ्यांचा विश्वास त्यांना लाभेना. तेव्हा प्रत्येक गावाने आपल्यातीलच एक स्त्री निवडावी, असे ठरले.

निवडलेल्या स्त्रिया बहुधा निरक्षर होत्या. कित्येक दलित समाजातील होत्या. जामखेडला नियमित येऊन त्या बाळंतपण, बालसंगोपन व स्वच्छता यांचे ज्ञान संपादन करू लागल्या. हगवण लागलेल्या मुलास मीठ-साखरेचे पाणी घोटघोट पाजावे, ही साधी गोष्ट मातांना त्यांच्याच तोंडून पटली आणि कित्येक बालके वाचली. ज्यांच्या हातचे पाणी पूर्वी वर्ज्य मानले जाई, त्यांनाच अडलेल्या स्त्रीच्या उशाशी बोलावणे येऊ लागले.

१९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. औषध दुरूनही आणता येते. परंतु मध्यरात्रीची हाक ऐकणारे जाणते माणूस गावातच असावे लागते.